‘वय झालं’ हे निदान न मानणाऱ्या सुशीलाताई

डॉ. सुशीलाताई आठल्ये यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या रागावलेल्या होत्या. माझे यजमान लष्करात, झाशीजवळच्या बबिना छावणीत नेमणूक. मी झाशीच्या एका धर्मादाय रुग्णालयात आहारतज्ज्ञाच्या जागेसाठी मुलाखतीला आले होते. ताई वॉर्डात होत्या म्हणून मला तिथेच पाठवलं. टहरौलीकडची एक म्हातारी बाई पलंगावर बसून शून्यात बघत होती, आणि तिच्या केसपेपरवर निदानाच्या जागी नुसतं ‘वार्धक्य’ लिहिलेलं होतं. ताई समोरच्या तरुण डॉक्टरांना म्हणत होत्या, “वार्धक्य हा आजार नाही. आजाराचं नाव लिहा. कळलं नसेल तर कळलं नाही असं लिहा, त्यात लाज नाही. लाज यात आहे.” मग माझ्याकडे वळून त्यांनी मुलाखतीचा एकच प्रश्न विचारला, “या बाईंनी काल काय खाल्लं, ते शोधून काढाल?” मी काढते म्हटलं आणि नोकरीला लागले.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी चार गोड शब्द लिहावेत, अशी गौरव समितीची इच्छा आहे. गोड मला जमेलसं वाटत नाही. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली त्यांचा संताप मलाही लागला आहे, आणि तो लपवून लिहिलेला लेख त्यांना आवडणार नाही.

ताईंचं घराणं झाशीतल्या खंडेराव गेटच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक. घरात जुनी मराठी, बाहेर हिंदी, आणि खेड्यातला रुग्ण आला की बुंदेली. सारं शहर त्यांना ‘जिज्जी’, म्हणजे थोरली बहीण, म्हणतं. त्या बाहेरगावी शिकल्या, परत आल्या आणि इथेच राहिल्या. म्हाताऱ्या माणसांची विस्मृती आणि त्यांचं खाणंपिणं यांचा काही संबंध असतो, हे त्या सांगत तेव्हा बरोबरीचे डॉक्टर हसत. शाकाहारी घरांत म्हातारपणी बी-बारा जीवनसत्त्व किती कमी पडतं, साखरेच्या आजाराच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की ते आणखी कसं उतरतं, थायरॉइड मंदावलं की माणूसही कसा मंदावतो, आणि पोटात अन्न नसताना साखर उतरवणारी गोळी पडली तर मेंदूचं काय होतं, हे सगळं पुस्तकात होतं. पुस्तक सगळ्यांनीच वाचलं होतं. म्हाताऱ्या माणसाला तपासण्याइतका वेळ मात्र द्यावासा कुणाला वाटत नव्हता.

झाशीच्याच नगरा वस्तीतल्या गुरुजींची हकीकत मी इथे मुद्दाम सांगते.

गुरुजी गणिताचे निवृत्त शिक्षक. पत्नी गेल्यानंतर ते मुलगा आणि सून यांच्याकडे राहत. हळूहळू ते विसरू लागले. आंघोळ झाली की नाही हे त्यांना आठवेना, दुपारी उगाच चिडत, एकदा तर स्वतःच्या गल्लीत रस्ता चुकले. एका डॉक्टरांनी दारातूनच पाहून “उम्र का असर है” असं सांगितलं आणि शांत ठेवण्याचं औषध दिलं. त्या औषधाने ते दिवसभर पेंगू लागले, तेव्हा घरच्यांची खात्रीच पटली. दूरच्या एका आश्रमात त्यांना सोडून यायचं ठरलं. आश्रमाला डॉक्टरचा दाखला हवा होता, तेवढ्यासाठी मुलगा त्यांना ताईंकडे घेऊन आला. मी शेजारच्या टेबलावर होते.

मुलगा उभ्याउभ्याच म्हणाला, “जिज्जी, इन्हें अब कुछ समझ में नहीं आता. बस लिख दीजिए.”

ताईंनी लेखणी खाली ठेवली. “पहले बैठिए. और जो आदमी सामने बैठा है, उसके बारे में ऐसे मत बोलिए जैसे वो यहाँ है ही नहीं.”

मग त्यांनी गुरुजींनाच विचारलं, “गुरुजी, आज क्या खाया?”

“सब खाते हैं,” सून म्हणाली.

“बेटा, मैंने गुरुजी से पूछा है.”

गुरुजींच्या कपाळावर घाम, कुडता पाठीला चिकटलेला. ताईंनी खुर्ची पुढे ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि थांबून राहिल्या. बाहेर रांग कुरकुरत होती. बऱ्याच वेळाने गुरुजी तोंडाकडे बोट नेऊन म्हणाले, “दाँत लगते हैं.”

कवळी लागत होती. हिरडी सोलून निघाली होती आणि घरात कुणी त्यांचं तोंड उघडून पाहिलं नव्हतं. पोळी चावत नाही म्हणून त्यांनी पोळी सोडली, मग डाळ, मग भाजी. दूध मुलाने बंद केलेलं, ‘शक्कर’ म्हणजे मधुमेह आहे म्हणून. उरला चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. पण साखर उतरवणारी गोळी मात्र रोज सकाळी न चुकता मिळत होती, पूर्वी दोन वेळा भरपेट जेवत असताना ठरवून दिली होती तेवढीच.

ताईंनी तिथल्या तिथे बोटातून रक्त काढून साखर पाहिली. ती धोक्याच्या खाली गेलेली होती. गुरुजींना गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी स्वतः चमच्याने पाजलं. आम्ही सगळे बघत उभे. काही वेळाने गुरुजींनी मान वर केली, डोळे स्थिर झाले आणि ते मुलाला म्हणाले, “पंखा धीमा कर दो, राजू. ठंड लग रही है.”

कितीतरी दिवसांनी वडिलांनी त्याला नावाने हाक मारली होती. मग तो पुढे झाला, पंखा कमी केला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ताईंचा आवाज मी तेव्हा ऐकला तसा पुन्हा कधी ऐकला नाही. “आपल्या शाळेत यांनी किती मुलांना शिकवलं असेल! आणि या माणसाला भूक लागली आहे, तोंड दुखतंय, एवढं सांगायला माझ्या दवाखान्यात यावं लागलं?” हे त्या मराठीत बोलल्या. राग अनावर झाला की त्यांची हिंदी सुटते. मुलाला शब्द कळले नसतील, बाकी सगळं कळलं. सुनेवर मात्र त्या एकदाही चिडल्या नाहीत. तिला जवळ बसवून म्हणाल्या, “तुम अकेली कितना करोगी? ये काम इनके बेटे का भी है.”

त्या दिवशी दाखला मिळाला नाही. गोळी बदलली, ते शांत ठेवण्याचं औषध हळूहळू बंद केलं, बी-बारा अगदी तळाला गेलेलं निघालं म्हणून त्याची इंजेक्शनं सुरू झाली, कवळी नवी झाली. जेवण मी लिहून दिलं: डाळीत कुस्करलेली पोळी, मऊ पालेभाजी, दही, मोजकं दूध, शेंगदाण्याचं बारीक कूट. शेवटी ताईंनी एक अट घातली की, रात्रीचं जेवण मुलाने वडिलांसमोर बसून घ्यायचं. काही महिन्यांनी गुरुजी एकटे भाजी आणायला जाऊ लागले. सगळं परत आलं नाही. काही नावं गेली ती गेलीच, हिशेबात पूर्वीची चपळाई राहिली नाही. पण आश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि ते आपल्या घरात, आपल्या माणसांत राहिले.

ही गोष्ट शहरभर झाली, आणि तिच्या वासाने एक व्यापारी आला. त्याच्याकडे स्मरणशक्ती वाढवणारी भुकटी होती. डब्यावर ताईंचा फोटो हवा, आणि गुरुजींचा ‘आधी’ आणि ‘नंतर’. “जिज्जी, आपका सिर्फ़ नाम चाहिए. लोगों का भला होगा.” ताईंनी उठून दार उघडलं आणि तो बाहेर जाईपर्यंत उघडं धरून ठेवलं. मग मला म्हणाल्या, “चल, आज माझ्या घरी.”

त्यांच्या घरी मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या थोरल्या भावाला, दादांना पाहिलं. सारी उमर सरकारी कचेरीत हिंदीत कामकाज केलेले दादा आता हिंदी पूर्ण विसरले होते. शेजारी येत, “भैयाजी, कैसे हैं?” विचारत, आणि दादा घाबरून बहिणीकडे बघत. लहानपणीची मराठी तेवढी उरली होती. ताई मऊ भात, तूप आणि मेतकूट कालवून त्यांना भरवू लागल्या. दादा त्यांना ‘आई’ म्हणत होते.

“यांचं रक्त मी सगळं तपासलं,” ताई म्हणाल्या. “काही कमी नाही. ताटातही कधी काही कमी पडू दिलं नाही. सांग, त्या डब्यातल्या भुकटीने यांचं काय होणार होतं?” मग घास दादांच्या ओठांशी धरून त्या शांतपणे म्हणाल्या, “अन्नाने, औषधाने जे सावरता येतं, ते सावरलंच पाहिजे. जे सावरत नाहीत, त्यांना तेच अन्न मायेने द्यायचं. पण कोण कुठल्यातला, हे तपासल्याशिवाय ठरवायचा हक्क कुणालाही नाही. दारातूनच पाहणाऱ्या त्या डॉक्टरला नाही, आणि या भुकटीवाल्याला तर नाहीच.”

दादा जाईपर्यंत ताईंनी त्यांना स्वतः भरवलं. त्या काळात यजमान सीमेवर होते, मी एकटी होते, आणि संध्याकाळी दादांशी मराठी बोलायला म्हणून ताई मला बोलावून घेत. दादांइतकीच ती सोय माझ्यासाठी होती, हे मला कळत होतं. जेवल्याशिवाय त्यांनी मला कधी परत पाठवलं नाही.

रुग्णालयात गोंधळलेल्या प्रत्येक वृद्धाचं रक्त तपासावं आणि त्यांना मऊ जेवण वेगळं मिळावं, यासाठी ताई व्यवस्थापनाशी भांडत राहिल्या. “डॉक्टर साहब, इस उम्र में क्या फ़र्क़ पड़ेगा?” असं एक अधिकारी भर बैठकीत म्हणाले, तेव्हा ताई स्वतः निवृत्तीचं वय ओलांडून गेल्या होत्या. “तो मेरे काम से भी क्या फ़र्क़ पड़ेगा?” म्हणून त्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. त्यांच्या ओपीडीची रांग आवाराबाहेर गेली, तेव्हा गाडी पाठवून त्यांना परत आणावं लागलं. मऊ जेवण सुरू झालं. रक्ततपासणी अर्धवट सुरू झाली आणि आजही अर्धवटच आहे.

म्हणून हा गौरव मला अपुरा वाटतो. शाल आपण सगळे देऊ, टाळ्याही वाजवू, आणि घरी जाऊन आपल्याच आजीच्या ‘काही नको गं, चहा पुरे’ या शब्दांवर निर्धास्त विश्वास ठेवू. आपल्या मराठी घरांतही हेच चालतं. आजी उपास करतात याचं कौतुक होतं, त्या जेवतात का हे कुणी बघत नाही. हळदीकुंकवाला ताईंनी एकदा विचारलं होतं, “घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?” बायका हसल्या. ताई हसल्या नाहीत. मीही आता हसत नाही.

सुशीलाताई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, असं लिहिताना नुसती वर्षं मला मागायची नाहीत. आपल्या पानात रोज ताजं, पुरेसं अन्न असो, समोर बसून जेवणारं माणूस असो, पाय आणि डोळे साथ देवोत आणि आवाजातली धार तशीच राहो. उद्या कधी आपल्या ओठांवरून एखादं नाव निसटलं, तर आपण घाबरू नका. खुर्ची पुढे ओढून, हात हातात घेऊन, उत्तर येईपर्यंत थांबायला आपण शिकवलेले आम्ही आहोत.