साहेबांना खाली बोलवा

धुळे शहरातल्या यच्चयावत इमारतींच्या पायऱ्या तोंडपाठ असलेला एकच माणूस होता, आणि त्यातली एकही पायरी तो चढलेला नव्हता. तो माणूस म्हणजे आमचे आतेभाऊ. लहानपणीच पोलिओनं त्यांचे दोन्ही पाय नेले. पण भाऊंची ऐट अशी, की त्यांच्यासमोर आपल्यालाच आपल्या पायांचा संकोच वाटावा. हातानं पॅडल मारायची त्यांची तीनचाकी सायकल देवपुरातून पांझरेच्या पुलावर आली की मागचे रिक्षावाले मुकाट्यानं रांग धरत. सायकलला ट्रकचा रबरी भोंगा होता, दोन आरसे होते, आणि त्यातला एक रस्ता बघण्यासाठी नव्हताच; तो भांग बघण्यासाठी होता. टीव्हीवर दिसणाऱ्या माणसाला भांग सांभाळावा लागतो, हे त्यांचं मत टीव्हीवर दिसू लागण्याच्या आधीपासूनचं.

नव्वदीच्या सुरुवातीला गावात केबल आली. मी एका केबलवाल्याकडे लग्नांचं आणि बातम्यांचं शूटिंग करत होतो. एक दिवस भाऊ दुकानाच्या दारात येऊन थांबले. तुमच्या बातम्या इतक्या मिळमिळीत आहेत की आमच्या घरी त्या लागल्या की मांजरसुद्धा उठून जातं, असं त्यांनी मालकांना तोंडावर सांगितलं आणि रविवारची वीस मिनिटं मागून घेतली. मालकांनी हो म्हटलं, कारण भाऊ दारातून हलेनात आणि गिऱ्हाईक आत येईना.

कार्यक्रमाची रीत ठरलेली होती. दर आठवड्याला एक इमारत. भाऊ पायऱ्यांच्या तळाशी सायकल लावायचे, मी कॅमेरा खांद्यावर घ्यायचो, भाऊ कॅमेऱ्याकडे बघून पायऱ्या मोजायचे, आणि मग शिपायाला शांतपणे सांगायचे, "साहेबांना खाली बोलवा." साहेब मीटिंगमध्ये असत, दौऱ्यावर असत, नुकतेच जेवायला बसलेले असत. भाऊ वाट बघायचे. सोबत डबा, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र असायचं. कॅमेरा चालू आहे हे कळल्यावर साहेबांचं जेवण आपोआप आटोपायचं. एकदा एका कचेरीत तर साहेबांमागोमाग सगळे कारकूनही गंमत बघायला उतरले, तेव्हा तिथला म्हातारा शिपाई मला हळूच म्हणाला, "बठ्ठं हापिस खाले उनं. तीस वरीसमा पहिल्यांदा." अशा रीतीनं भाऊंनी बँकेला, टपाल कचेरीला आणि दोन शाळांना पायऱ्यांशेजारी उतार करायला लावले. गल्लीतले मारवाडी कापडवाले तर भोंगा ऐकला की दुकानाच्या पायरीवर फळीच टाकून ठेवायचे. न जाणो, कॅमेरा मागे असला तर.

पायऱ्यांचं हे वेड घरातही होतं. माझ्या धाकट्या बहिणीला सोनगीरचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, शेती बागायती, सगळ्यांना पसंत. भाऊंनी बाहेरून घर बघितलं आणि नकार दिला. म्हणाले, ओट्याला सात पायऱ्या आहेत, असल्या घरात मुलगी म्हातारी व्हायची नाही का कधी? सोयऱ्यांनी आठ दिवसांत ओट्याच्या बाजूला सिमेंटचा उतार करून निरोप पाठवला, तेव्हा कुठे त्यांनी सुपारी फुटू दिली. आज त्याच उतारावरून बहिणीची सासू काठी टेकत अंगणात येते आणि भाऊंना दुवा देते.

एक गोष्ट मात्र त्यांना बिलकूल खपत नसे. त्यांना कुणी उचलायचं नाही. आपल्याकडची माणसं मायाळू, चार जण लगेच बाह्या सरसावतात. भाऊंचा अशा वेळी चेहराच बदलायचा. रावेरला तर कहर झाला. केळीवाल्या शेतकऱ्यांनी सत्कार ठेवला आणि खास भाऊंसाठी मंचाला उतारही बांधला. पण त्या भल्या माणसांना उतार म्हणजे एकच ठाऊक: केळीचे घड ट्रकात चढवायची फळी. मंच बरोब्बर ट्रकाच्या उंचीचा, आणि फळी घड खांद्यावर घेतलेल्या एका हमालापुरती रुंद. सायकलचं पुढचं चाक चढलं, मागची दोन्ही बाहेर. आबा म्हणून एक वयस्क बागायतदार पुढे आले. "भाऊ, तुम्ही कायजी नका करू, आम्ही तुम्हाले वरे उचलून ठेवतो."

"आबा, मी पाहुणा आहे, घड नाही," भाऊ म्हणाले. "तुम्हीच खाली या."

आणि सगळे आले. अध्यक्ष, पाहुणे, हारवाले, माइकवाला. वर रिकाम्या खुर्च्या आणि खाली धुळीत सत्कार. सगळ्यांत मोठ्यानं आबाच हसत होते.

स्वतःला उचलू न देण्याच्या या हट्टाचं मूळ माझ्या आईत होतं, हे मला फार उशिरा कळलं. आई म्हणजे त्यांची मामी. भाऊ शाळेसाठी आमच्याकडे राहिले, तेव्हा ती त्यांना रोज कडेवर, आणि मोठे झाल्यावर पाठीवर घेऊन शाळेत पोहोचवायची. अकराव्या वर्षी वर्गातल्या कुणीतरी हसलं. भाऊंनी घरी येऊन सांगितलं, यापुढे मला कुणी उचलायचं नाही, मामी, तूसुद्धा नाही. आईनं ते शेवटपर्यंत पाळलं.

मग ती आजारी पडली. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊ तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खाली येऊन बसत. उतरणाऱ्या प्रत्येकाला तिची तब्येत विचारत. आयुष्यभर त्यांनी वरच्या माणसांना खाली बोलावलं होतं, आणि हे एकच माणूस खाली येऊ शकत नव्हतं. डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलं, ते मी भाऊंना सांगितलं. ते बराच वेळ आरशात बघत राहिले. भांग नीटच होता.

"उचल मला," ते म्हणाले.

मी त्यांना पाठीवर घेऊन गेलो. पायऱ्या ते पुटपुटत मोजत होते. चौतीस. आईनं डोळे उघडले, त्यांना बघितलं आणि जराही नवल न करता माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याना उजवा पाय लटकू दिऊ नको, हातखाल धर. तो सांगस नही, पन त्याले दुखस."

उतरताना मी उजवा पाय हाताखाली धरला.

आई गेल्यावर महिन्याभरानं आम्ही त्याच दवाखान्याच्या तळाशी सायकल लावली. डॉक्टर स्वतःच खाली आले. चांगला माणूस, उतार नाही तर लिफ्ट तरी करतो म्हणाले, आणि पुढे त्यांनी केलीही. भाऊंनी कॅमेऱ्याकडे बघून पायऱ्या सांगितल्या, तळमजल्यापासून वरपर्यंत, न चुकता. डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, इथून तर पहिल्या वळणापर्यंतच दिसतं, मग तुम्ही वर गेलात कसे?

"माझ्या मामीनं नेलं," भाऊ म्हणाले.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. त्यापुढचं चित्र थोडं हललेलं आहे. कॅमेरा माझ्याच खांद्यावर होता.