माइक चालू होता

सविता गावित मूळची पेठ या आदिवासी तालुक्यातली, नागली म्हणजे नाचणी पिकवणाऱ्या घरातली. नाशिकच्या एका कॉलेजात ती भूगोल शिकवते. केनियाच्या डोंगरातही नागली होते, हे कळल्यावर तिथल्या प्राध्यापिका अकिन्यी यांच्याशी बोलून तिने एक अभ्यासक्रम उभा केला. दोन्हीकडची मुलं व्हिडिओवर एकाच वर्गात शिकणार. आपली मुलं मराठीत बोलली की पडद्यावर खाली त्याचं इंग्रजी उमटेल, अशीही सोय तिने केली.

उद्घाटनाला विभागप्रमुख किशोर शेवाळे पुढे बसले. "ही माझी कल्पना," त्यांनी सांगून टाकलं. सविता बोलायला उठली तर सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, तुमचं पेठचं इंग्रजी राहू द्या. तुम्ही कॅमेरा बघा."

ती कॅमेऱ्यामागे जाऊन बसली. मनात एकच होतं, याला सोडायचं नाही.

शेवाळेंना वर्ग चालू असताना शेरे मारायची खोड होती. मुलांच्या कानांवर नको म्हणून सविता झटकन त्यांचा माइक बंद करायची. अशात एक दिवस प्राचार्य आपल्या केबिनमधून वर्ग बघायला जोडले गेले. शेवाळेंचं लक्षच नव्हतं; सविताने मात्र पडद्यावर प्राचार्यांचं नाव पाहिलं. केनियाची एक मुलगी नागलीच्या बियाण्याबद्दल सांगत होती. शेवाळे शेजारच्या क्लार्ककडे वळले.

"यांना काय कळतंय? माझी नैरोबीची ट्रिप झाली की बंद करतो हे दुकान. आणि ती सविता, जंगलातून आलेली, बटणं दाबायलाच बरी."

सविताचं बोट बटणावर होतं. तिने ते उचलून घेतलं.

शब्द इंग्रजीत पडद्यावर उमटले. ती मुलगी बोलता बोलता थांबली.

"माइक बंद होता ना?" शेवाळे पुटपुटले.

"नाही, सर. चालू होता. मला दिसत होतं," सविता म्हणाली.

प्राचार्यांनी सगळं ऐकलं होतं. चौकशी झाली, शेवाळेंचं विभागप्रमुखपद गेलं. अभ्यासक्रम सविताकडे आला. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी अकिन्यींचा फोन आला. "तू थांबवू शकली असतीस?"

"हो."

"माझ्या विद्यार्थिनीने ते वाचलं, सविता."

"तिची मी माफी मागते. शेवाळेसरांची नाही मागणार."

पुढच्या तासाला ती मुलगी आली, पण कॅमेरा बंद ठेवून. सविताने पडद्यावरच्या तिच्या काळ्या चौकटीकडे बघून माफी मागितली, मराठीतच. खाली त्याचं इंग्रजी उमटलं. कॅमेरा बंदच राहिला. मग सविताने तास सुरू केला.