पान सत्तेचाळीस आणि दोन मिनिटं स्तब्धता

चहा आधी संपवून टाका, कारण हे ऐकताना हातात गरम काही असू नये. एकशे चाळीस माणसांना मी एकदा पूर्ण दोन मिनिटं विनाकारण उभं ठेवलं आहे. विनाकारण म्हणजे अगदी विनाकारण! आणि तेही घड्याळ लावून.

कशामुळे? माझ्या नीटनेटकेपणामुळे!

मी आखातात, फुजैऱ्याला तेलाच्या टर्मिनलवर नोकरी करतो. टाकीत तेल किती, ते मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि लिहायचं. घरी आलो की डायरी लिहायची. तेवीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. त्या दिवशीचं तापमान, भेटलेली माणसं, जेवणात भाजी कुठली होती, सगळं. लिहायला मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शिकलो, आणि एकच नियम पाळला: जे घडलं तेच लिहायचं. आता सांगा, अशा माणसाला दुसरा कुणी स्वतःच्याच आयुष्याबद्दल छापील पुस्तकात धडधडीत थापा मारील, अशी शंका यावी तरी कशी?

तर पाहुणा होता एक ब्रिटिश विनोदवीर. आधी स्टेजवर एकटा उभा राहून लोकांना हसवायचा, मग टीव्हीवर आला, आणि आता मुलांसाठी पुस्तकं लिहितो. नाव सांगत नाही. या किश्शात अब्रू माझी गेली आहे, त्याला कशाला ओढू? माझी मुलगी इरा बारा वर्षांची. त्याचं एकूण एक पुस्तक तिने वाचलेलं. वाचताना तोंडातला घास गिळायची नाही, तशीच हसायची.

हा माणूस दुबईत कार्यक्रमासाठी आला आणि बर दुबईतल्या नेमक्या त्या हॉटेलात उतरला, जिथे आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी फ्रान्सिस बँक्वेट मॅनेजर आहे. फ्रान्सिस वसईचा. माणसं जोडण्यात तरबेज. सकाळी ऑम्लेटच्या काउंटरवर त्याने पाहुण्याला गाठलं आणि मंडळाच्या बालमेळाव्याला यायचं कबूल करून घेतलं. लगेच मला फोन.

"दामले, खलास! माणूस येतोय! परिचय तू करायचा."

"मी? अरे, मला स्टेजची सवय..."

"तुझ्याएवढं बारकाईनं कोण लिहितंय? पण मराठीत हां, मंडळाचा रूल आहे. शेजारी इरा उभी राहील, ती त्याला इंग्लिशमध्ये सांगेल. यल्ला, लाग कामाला."

इरा ऐकून पलंगावर अशी उडी मारून बसली की पलंगाची एक फळी आजही वाजते. तिच्या मनात एकच गोष्ट होती. ती स्वतः वहीत विनोदी गोष्टी लिहिते. टॅक्सी चालवणाऱ्या उंटाची एक गोष्ट तिला पाहुण्याला दाखवायची होती. "फक्त एक पान, बाबा. जस्ट वन पेज."

इथे मला एक कबुली द्यायला पाहिजे. तीच गोष्ट महिन्याभरापूर्वी तिने मला वाचायला दिली होती. मी काळजीपूर्वक वाचली आणि समासात पेन्सिलने नोंदी केल्या. 'उंटाला लायसन्स मिळत नाही.' 'फुजैरा ते दुबई वीस मिनिटांत अशक्य. तपासणे.' 'उंट सीटबेल्ट कुठे लावणार?' इरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायको म्हणाली, "अहो, लेकरानं हौसेनं लिहिलंय, टाकी नाहीये ती तुमची!"

म्हणून मी ठरवलं. परिचय असा करायचा की पाहुणा खूश झाला पाहिजे, त्या भरात त्याने इराची वही मागितली पाहिजे, आणि इराला वाटलं पाहिजे की बाप अगदीच टाकाऊ नाही.

आता आपल्याकडे पाहुण्याचा परिचय म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. त्याला हलाखीची परिस्थिती लागते! 'अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून वर आलेले' हे शब्द आल्याशिवाय सभागृह सावरून बसत नाही. पाहुणा सुखवस्तू घरातला निघाला तर परिचय करणाऱ्याचे हातपाय गळतात. मी इराच्या कपाटातून पाहुण्याचं आत्मचरित्र घेतलं, शब्दकोश शेजारी ठेवला आणि चार संध्याकाळी बसून पान न् पान टिपून काढलं.

आणि काय ते आयुष्य! सात भावंडांत बुटांचा एकच जोड. म्हणून प्रत्येकाने आठवड्यातून एकेक दिवस शाळेत जायचं. याच्या वाट्याला मंगळवार आला, त्यामुळे याला आजही फक्त मंगळवारी शिकवलेलं येतं. ज्या दोघांच्या वाट्याला सुट्टीचे दोन दिवस आले, ते बिचारे अडाणीच राहिले. वडिलांना अंधाराची भयंकर भीती, म्हणून त्यांनी दीपगृहात नोकरी धरली. मी समासात लिहिलं: 'व्यवहारी गृहस्थ.'

आणि मग पान सत्तेचाळीस. चर्चच्या केक स्पर्धेत आईचा दुसरा नंबर आला. निकाल ऐकला आणि ती माउली जागच्या जागी गेली. पहिल्या आलेल्या शेजारणीने अंत्यविधीला तोच केक आणला. पुढे याने एवढंच लिहिलं होतं: 'केक खरोखरच चांगला होता.'

केवढं दुःख गिळलं असेल हो त्या एका वाक्यात! मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

इराने एकदा विचारलंही. "बाबा, यू नो इट्स फनी, राइट? ते बुक?"

"बाळ," मी म्हणालो, "मोठी माणसं दुःख असंच झाकतात."

ती काही तरी बोलणार होती, पण तिचा ऑनलाइन क्लास सुरू झाला.

कार्यक्रमाच्या दिवशी फुजैऱ्याहून निघालो. डोंगरातल्या बोगद्यापाशी इराने हात पुढे केला. "मला ट्रान्सलेट करायचंय ना? दे ना बघायला."

मी तिला पहिलं पान दिलं. जन्म, कार्यक्रम, पुस्तकं. दुसरं पान खिशातच ठेवलं.

"आणि हे?"

"ते स्टेजवरच ऐक. आत्ता वाचलंस तर रडशील."

तेव्हा ते पान तिला दिलं असतं तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं. पण मला परिणाम साधायचा होता ना!

हॉलमध्ये गडबड चालली होती. हॉटेलात ज्योत चालत नाही म्हणून बॅटरीवरची समई आणलेली, आणि तिचं बटण सापडत नव्हतं. मी समईखाली डोकं घालून बसलेलो असताना फ्रान्सिस एका गोऱ्या म्हाताऱ्या बाईंना घेऊन आला. पांढरे केस, एसीसाठी अंगात निळं स्वेटर. "दामले, ह्या पाहुण्यांच्या घरच्या. पुढे बसव," म्हणाला आणि समोशांकडे पळाला.

मी त्यांना पहिल्या रांगेत मधली खुर्ची दिली, चहा दिला. कोण असाव्यात? मावशी असेल, नाहीतर आत्या. आई असणं शक्यच नव्हतं. आई पान सत्तेचाळीसवर गेल्या होत्या.

इरा त्यांच्याशेजारी बसून गप्पा मारू लागली. दोघी हसत होत्या. मला बरं वाटलं. मी परत समईखाली गेलो.

कार्यक्रम सुरू झाला. पाहुण्यांनी मोठ्या गांभीर्याने समईचं बटण दाबलं. शाल झाली. नारळ हातात दिला तर त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला, मुलं खिदळली. मग मी माइकसमोर आलो. एका बाजूला इरा, तिच्या पलीकडे पाहुणे.

पहिलं पान छान गेलं. दुसऱ्या पानाला मी आवाज खाली आणला. "अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून वर आलेल्या आपल्या पाहुण्यांच्या घरी सात भावंडांत बुटांचा एकच जोड होता..."

सभागृह सावरून बसलं. नलावडे काकूंनी पदर डोळ्यांना लावला. इराने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी उंटाला पाहीन, टॅक्सी चालवताना. मग तिने भाषांतर केलं. पाहुणे आधी चमकले, मग खांदे हलवून हसू लागले. मी मनात म्हटलं, झाकतोय बिचारा!

दीपगृह झालं. पाहुण्यांनी हसू आवरायला नारळ तोंडासमोर धरला. नंतर कळलं, त्यांना वाटत होतं की इतका कोरा चेहरा ठेवून विनोद सांगणारा माणूस त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही.

मग मी कागद खाली ठेवला. शेवटचं पाठ होतं.

"आणि केकच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला म्हणून जागच्या जागी गेलेली त्यांची आई हे यश पाहायला आज आपल्यात नाही..."

"बाबा," इरा माइकवर हात ठेवून पुटपुटली, "स्टॉप."

"थांब गं. तर मित्रहो, त्या माउलीच्या स्मृतीला अभिवादन म्हणून आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळू या."

एकशे चाळीस माणसं उभी राहिली. खुर्च्यांचा आवाज थांबला. मी घड्याळ लावलं. माझं लक्ष सेकंदकाट्यावर होतं, त्यामुळे पाहुण्यांनी वाकून इराला काय विचारलं आणि तिने त्यांच्या कानात काय सांगितलं, ते मला कळलं नाही.

तिने काय सांगितलं माहीत आहे? "आमच्याकडे पद्धत आहे. कुणाची आई हॉलमध्ये असेल तर सगळे तिच्या मानासाठी उभे राहतात."

पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पहिल्या रांगेतल्या बाईंना हाताने खूण केली. बाई छातीवर हात ठेवून सावकाश उठल्या, मागे वळल्या आणि माना खाली घातलेल्या एकशे चाळीस लोकांना हात हलवून दाखवू लागल्या. मग टाळ्याही वाजवू लागल्या.

शोकाच्या वेळी टाळ्या! मी पुढे वाकून, तोंडावर बोट ठेवून त्यांना म्हणालो, "मॅडम, प्लीज. समबडी हॅज डाइड."

बाई दचकून सगळीकडे बघायला लागल्या. कोण गेलं, याचा शोध घेत असाव्यात.

दोन मिनिटं झाली. मी "धन्यवाद" म्हणालो. लोक बसले. पाहुणे माइकवर आले आणि भरल्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, "मी इतकी वर्षं इतक्या देशांत कार्यक्रम केले, पण माझ्या आईसाठी असं कधी कुणी उभं राहिलं नाही. आई, ये ना वर."

आणि निळ्या स्वेटरमधली बाई पायऱ्या चढू लागली.

त्यानंतर जी स्तब्धता पसरली ना, ती खरी स्तब्धता. तिला घड्याळ लावावं लागलं नाही. एकशे चाळीस माना आधी बाईंकडे वळल्या, मग माझ्याकडे. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून नलावडे काकूंचा आवाज आला, खणखणीत:

"अहो दामले, मग गेलं कोण?"

हॉल हसण्याने फुटला! फ्रान्सिसने समोशांचा ट्रे खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. माझ्या बायकोने पर्समध्ये काही तरी शोधायला सुरुवात केली, ती कार्यक्रम संपेपर्यंत शोधतच होती.

पाहुण्यांनी इराला विचारलं, "त्या काय म्हणाल्या?" आता मात्र पोरीपुढे काही मार्ग उरला नाही. तिने खाली बघत सगळं सांगितलं. पान सत्तेचाळीस, केक, स्तब्धता, आणि स्वतः मारलेली थापसुद्धा. मला वाटलं, संपलं. वही राहिली बाजूला, ही पोर आता लग्नालासुद्धा मला बोलावणार नाही.

पाहुण्यांनी पोडियम दोन्ही हातांनी धरला. मग ते खाली बसले. चक्क स्टेजवर, शाल-नारळासकट, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. श्वास परत आला तेव्हा इराला म्हणाले, "ती पद्धत तू उभ्या उभ्या रचलीस? तू लिहितेस का काही?"

इराने फक्त वही पुढे केली.

एका पानाचं बोलणं होतं, पण त्यांनी उंटाची अख्खी गोष्ट तिथेच बसून वाचली. गालात हसत होते. मग अचानक मोठ्याने हसले आणि समासावर बोट ठेवून विचारलं, "ही पेन्सिल कुणाची? 'उंट सीटबेल्ट कुठे लावणार?' हे कोण लिहितं?"

"माय फादर," इरा म्हणाली. आणि पहिल्यांदाच, हे सांगताना तिने आवाज बारीक केला नाही.

"याला सोडू नकोस," पाहुणे म्हणाले. "असा माणूस पैसे देऊनही मिळत नाही."

ही स्तुती होती की काय, याचा निर्णय मी अजून डायरीत नोंदवलेला नाही.

पण माझा हिशेब अजून बाकी होता. चहाच्या टेबलापाशी आईसाहेबांनी मला गाठलं. मी हात जोडले, माफी मागू लागलो. त्यांनी मला थांबवलं. चेहरा कडक.

"मला मारलंस त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा मला दर पुस्तकात मारतो. पण दुसरा नंबर? साफ खोटं! माझा पहिला नंबर होता! या सगळ्या लोकांना तू दुसरा सांगितलास!"

मी कानाला हात लावला. दुरुस्ती करतो म्हणालो. त्या जरा निवळल्या, माझ्या दंडावर थोपटलं.

"मात्र दोन मिनिटं छान केलीस. अगदी बरोबर एकशे वीस सेकंद, मी मोजत होते. मी खरोखर जाईन ना, तेव्हा तूच ये बोलायला. आणि पहिला नंबर सांग."

इतका मान! मला भरून आलं. शेजारी इरा उभी होती, तिच्यासमोर काही चूक राहायला नको म्हणून मी खिशातून डायरी काढली, पेनचं टोपण उघडलं आणि अतिशय अदबीने विचारलं,

"जरूर, मॅडम. तारीख कोणती धरू?"