परत न आलेला नारळ

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. खून, दरोडे, मारामाऱ्या. सांगायला बसलो तर गावांची गल्लत होईल. रिकाम्या गोण्यांची चोरी मात्र लख्ख आठवते.

मी तेव्हा भिवंडीत पोलीस निरीक्षक होतो. वळ गावाजवळच्या गोदामांच्या पट्ट्यातल्या एका गोदामाचे मालक सकाळीच ठाण्यात आले. आतल्या महागड्या मालाला कोणी हात लावला नव्हता. गेल्या होत्या त्या फक्त रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्या, गठ्ठेच्या गठ्ठे. आणि दाराशी हळदकुंकू लावलेला एक अख्खा नारळ होता.

"गोण्यांचं सोडा साहेब," शेठ म्हणाले. "वो नारियल दो दिन से पडा है. करणी आहे म्हणून हमाल आत पाऊल टाकत नाहीत. सगळं काम बंद."

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, नारळ जप्त केला. मुद्देमाल सांभाळणारा आमचा हवालदार मिश्कील. "साहेब, तारखेपर्यंत हा सुकला तर कोर्टात काय दाखवू?" मी डोळे वटारले, पण हसू मलाही आलं होतं.

खबर अंबाडी नाक्यावरच्या चहावाल्याने दिली. गोण्यांनी भरलेला टेम्पो आतल्या एका गावाकडे जाताना त्याने पाहिला होता, आणि पुढे बसलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता. तो शेठच्याच गोदामातला हमाल निघाला, दोन दिवस रजेवर असलेला. दुपारी नाक्यावरच सापडला. निमूट जीपमध्ये बसला.

माणूस खोटं बोलायला लागला की त्याचे शब्द वाढतात, हा माझा अनुभव. याचं उलटच.

"गोनी मीच नेल्या."

"कुठे आहेत?"

"उद्या सांगतो. आज न्हाय."

पुष्कळ फिरवून विचारलं. तेच उत्तर. शेवटी वैतागून म्हणालो, "चोरी ती चोरी, वर करणीचा नारळ ठेवून शेठला घाबरवतोस?"

त्याचा चेहरा पडला. "करनी? साहेब, त्यो इचारायला ठेवला होता."

मग तो बोलू लागला. नदीवर मोठं धरण येऊ घातलं होतं आणि त्याच्या पाण्याखाली त्याचं गाव जाणार होतं. गावाचं म्हणणं, लहान लहान बंधारे घाला. पाणीही साठेल आणि आम्हीही राहू. कोणी ऐकत नव्हतं. उद्या अधिकारी जागा पाहायला येणार होते. त्याआधी गोण्यांत माती भरून बंधारा घालायचा आणि पाणी अडवून दाखवायचं, असं गावाने ठरवलं होतं. गोण्या आज जप्त झाल्या तर दाखवायला काही उरणार नव्हतं.

आणि नारळ? त्यांच्याकडे नदी अडवायच्या आधी खालच्या गावाच्या वेशीवर नारळ ठेवतात. पाणी अडवलेलं नको असेल तर खालचे लोक तो परत पाठवतात. ठेवून घेतला, तर होकार.

"शेटनी दोन दिस ठेवला," तो म्हणाला. "परत न्हाय आला. म्हनून नेल्या."

गोदामातल्या भीतीला त्याने होकार समजलं होतं.

गोण्या शेठनी ओळखाव्यात आणि नारळ गावाने, म्हणून शेठना आणि मुद्देमालातला नारळ घेऊन मी त्या गावी निघालो. वाटेत शेठना सगळं सांगितलं. तरी ते नारळापासून अंग चोरूनच बसले.

नदीवर पोचलो. इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत गोण्यांची भिंत उभी होती आणि तिच्यामागे पाणी शांत पसरलं होतं, घरांच्या बरंच खाली. खालच्या गावची माणसंसुद्धा खांद्याला खांदा लावून माती भरत होती. माणसांच्या हातांनी एवढं होतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढे उभ्या असलेल्या वयस्क बाईंची नजर माझ्या हातातल्या नारळावर गेली. सगळे त्यांच्याकडे बघून थांबले.

"परत आनलाव?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर देईपर्यंत त्या वळल्या. "काढा रं गोनी. ज्याच्या हायेत त्याची ना हाय."

कोणी हुज्जत घातली नाही. कोणी रडलं नाही. दोन गडी पाण्यात उतरले आणि त्यांनी वरची गोणी उचलली. उद्या गाव वाचवायचं होतं, तरी नकार आला म्हणून ती माणसं स्वतःच्या हाताने बंधारा सोडवायला लागली होती.

शेठ पुढे झाले. ज्या नारळाला ते दिवसभर भीत होते, तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि छातीशी धरला. "थांबा मावशी. नारळ मी ठेवून घेतो."

दोन्ही गडी पाण्यात तसेच उभे राहिले. मग उचललेली गोणी त्यांनी पुन्हा जागेवर बसवली.

केस पुढे मालकाच्या संमतीने कोर्टात मिटली. नारळ शेठनी रीतसर अर्ज करून मागून नेला. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी अडलेलं पाणी पाहिलं. एका भेटीत आराखडे बदलत नाहीत. पण गावाचं म्हणणं ऐकायला सुरुवात झाली ती तिथून. पुढे मोठं धरण मागे पडलं, लहान बंधारे आले. गाव जागेवर आहे.

परवानगी म्हणजे सही-शिक्का, असं मी नोकरीभर मानत आलो. विचारणं म्हणजे काय, ते त्या नदीवर कळलं. धरणाच्या आराखड्यावर कितीतरी सह्या असतील. पण त्या गावाच्या वेशीवर नारळ ठेवून, तो परत येतो का याची वाट कोणी पाहिली नव्हती.