विहिरीत चढलेलं पाणी

आर्णी गावातल्या आताच्या घरी टाकी धुताना शेवाळाचा ओला वास आला, की मी धरणात गेलेल्या आमच्या गावी पोचते.

तेव्हा मी दहावीत होते. सगळं गाव नव्या वस्तीत गेलं होतं. फक्त मोठी आई, म्हणजे माझी विधवा चुलती, हटून बसली होती. तिला आणायला बाबा आणि मी ट्रॅक्टरनं गेलो. भर दुपार होती, आणि धरणाचं पाणी अजून नाल्यापलीकडे होतं.

“पाणी अंगणात आलं का? मंग कायले घाई करता?” म्हणत ती आमच्यासाठी पाणी काढायला विहिरीवर गेली. तिनं बादली सोडली आणि जवळजवळ सगळा दोर हातातच राहिला. पाऊस नसताना पाणी जमिनीच्या आतून, आवाज न करता काठापर्यंत चढलं होतं. कपारीतली घरटी बुडाली होती. वर पारवे घिरट्या घालत होते, पण एकही घुमत नव्हता.

मोठ्या आईनं वाकून हाक मारली. एरवी विहीर हाक परत द्यायची. त्या दिवशी काहीच आलं नाही.

“भाऊजी, हे तं घराखालून येऊन राह्यलं,” ती हळूच म्हणाली आणि घरात न जाता ट्रॅक्टरवर जाऊन बसली.

तेव्हा मला वाटलं, ती घाबरली. आता कळतं, ती दारात बसून जे घर राखत होती, ते खालून केव्हाच गेलं होतं.

वेशीजवळ बाबांनी ट्रॅक्टर थांबवला. “वहिनी, कुलूप लावाचं राह्यलं.”

“राहू द्या,” ती म्हणाली. “आता कोणाले अडवाचं?”