चहानंतरची यादी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी माझ्या रक्तातल्या साखरेचे खरे आकडेसुद्धा सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा तुमच्याशी बोलणं जमतंय. तरी सुरुवात कुठून करावी, ते कळत नाही.

मी उमरग्याचा. नोकरीची सगळी वर्षं मात्र पुण्यात गेली, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या एका देशपातळीवरच्या संघटनेत. संघटना म्हणजे काय? — वर्षभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी माणसं वर्षातून एकदा एकाच समईची वात लावतात, ती जागा. कामंही होत, खोटं कशाला बोलू. कराचा प्रश्न, व्हिसाचा प्रश्न सरकारपुढं मांडायचा तर एकट्या कंपनीचं कोण ऐकणार? कॉलेजांचे जुनाट अभ्यासक्रम बदलले, तेही संघटनेनं पाठपुरावा केला म्हणून. माझं काम शब्दांचं. अध्यक्षांची भाषणं, निवेदनं, बैठकांची इतिवृत्तं. ‘राष्ट्रउभारणी’ हा शब्द मी इतक्यांदा लिहिला की पुढंपुढं किराणा मालाची यादी करतानाही हात तिकडं वळायचा.

मनात मी या सगळ्याला हसायचो. घरी पुस्तकांची तीन कपाटं, डोक्यात दोनचार शहाण्या माणसांचे विचार. माझी पक्की समजूत होती की जो हसतो, तो त्यातला नसतो. तसं असतं का?

संघटनेची एक मनुष्यबळ समिती होती. दर महिन्याला बैठक. तिथं सगळ्या कंपन्यांचं एकच रडगाणं — पोरं नोटीस न पाळता सोडून जातात आणि शेजारच्या कंपनीत लागतात. मग तोडगा निघाला: अशांची नावं प्रत्येकानं द्यायची, आणि त्या पोरांना बाकीच्यांनी नोकरीवर घ्यायचं नाही. संघटनेचे वकील म्हणाले, असलं काही इतिवृत्तात येता कामा नये, कायद्याच्या कचाट्यात सापडाल. मग करायचं कसं? कुणालाच सुचेना.

मला सुचलं.

इतिवृत्त आभारप्रदर्शनाला संपवायचं. मग चहा आणायचा. नावं चहा पिताना वाचायची, कारण इतिवृत्तात चहा नसतो. सगळे खूश झाले. एका मोठ्या कंपनीच्या माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती मला आवडली — हेही सांगून टाकतो.

यादी माझ्याच वहीत राहू लागली. नावापुढं कायमचा पत्ता, म्हणजे सारख्या नावांचा घोळ नको. मधल्या दिवसांत एखाद्या कंपनीला कुणाला नोकरीवर घ्यायचं असलं की मला फोन यायचा. मी वही बघून एका शब्दात उत्तर द्यायचो. आहे. किंवा नाही. वर्षानुवर्षं हे चाललं, आणि त्या नावांना चेहरे असतील असं काही माझ्या मनात आलं नाही. की मी ते येऊ दिलं नाही?

एकदा एका नावापुढं पत्ता आला, तालुका लोहारा. वैशाली. आपल्याकडचं कुणीतरी म्हणून लक्षात राहिलं, एवढंच.

त्या वर्षी दिवाळीला मी उमरग्याला आलो होतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदास आला. हा लोहारा-उमरगा जीप चालवायचा. कॉलेजात असल्यापासून मी त्याच्या जीपमध्ये कोंबून प्रवास केलेला. बरोबर मुलगी होती. त्यानं तिचं नाव सांगितलं, वैशाली, आणि माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला.

‘‘सर, तुम्ही आपल्याकडचे म्हणून इचारतो,’’ भानुदास म्हणाला. ‘‘पोरगी चार कंपन्यांत पास हुती, अन् शेवटाला न्हाय म्हणत्यात. हिच्या मैतरणी म्हणत्यात, कंपन्यांची मिळून एक यादी असती. असती का तसली?’’

मी मुलीकडं पाहिलं. ती सरळ बोलली, रडली वगैरे नाही. आईचं ऑपरेशन सोलापूरला, घरी दुसरं कुणी नाही, कंपनीनं रजा दिली नाही, म्हणून नोटीस न पाळता ती निघून आली. ‘‘माझं चुकलंच सर,’’ ती म्हणाली. ‘‘पण यादी असेल तर तसं कळू दे. म्हणजे मी कशात कमी पडते ते शोधत बसणार नाही. सध्या तेच करतेय.’’

यापेक्षा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल.

‘‘अशी कुठलीही यादी नसते,’’ मी म्हणालो. थोडा हसलोसुद्धा. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. मुलाखतीची तयारी वाढव, म्हणालो. इंग्रजी बोलायचा सराव कर. उत्तर देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत जा.

‘‘बघ, म्या काय म्हणत हुतो?’’ भानुदास तिच्याकडं वळला. ‘‘यादीबिदी काय न्हाय. तुझंच घोडं कुठंतरी पेंड खातंय.’’

तिनं मान हलवली. बाप मोकळा झाल्यासारखा चिवडा खाऊ लागला.

का बोललो मी खोटं? नोकरीची भीती होती — थोडी. पण यादी आहे म्हटल्यावर ती कुणी केली, हा पुढचा प्रश्न आला असता. तो मला नको होता. कारण म्हणावं असं एवढंच सापडतं, आणि ते कारण म्हणायच्या लायकीचं नाही.

वाटलं ना, कबुली संपली? मीही बरीच वर्षं स्वतःची तशीच समजूत घालत आलो. मनातल्या मनात ही गोष्ट मी नेहमी इथंच थांबवायचो.

पुण्याला परतल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एका कंपनीतून फोन आला. बोलणाऱ्या बाई उत्साहात होत्या. वैशाली नावाची एक मुलगी आहे, टेस्टिंगमध्ये एवढी हुशार मुलगी इतक्यात बघितली नाही, आमचे साहेब तर तिला उद्याच बोलवा म्हणतायत. ‘‘तुमच्याकडं नाव नसू दे म्हणजे झालं,’’ बाई म्हणाल्या.

वही उघडायची गरज नव्हती. आणि आता नीट ऐका, कारण हेच सांगायला मी बसलोय. ‘नाही’ म्हटलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. त्या यादीवर सही नव्हती, शिक्का नव्हता, तिची दुसरी प्रत नव्हती. पडताळून बघायला कुणाला काही सापडू नये, अशी ती मीच रचली होती. धोका शून्य. एक शब्द. मुलगी माझ्या घरी येऊन गेलेली, तिची आई, तिचं ऑपरेशन, सगळं मला ठाऊक.

मी म्हणालो, ‘‘आहे.’’

बाई ‘‘अरेरे’’ म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मी अध्यक्षांच्या भाषणाकडं वळलो. विषय होता ग्रामीण भागातली गुणवत्ता. भाषण चांगलं झालं.

‘आहे’ का म्हणालो, हे मात्र मला आजही सांगता येत नाही. सवय? नीटनेटकेपणा? मोठ्या लोकांच्या खोलीत आपल्या वहीला मान आहे, याची चटक? ज्या दिमाखाला मी हसायचो, त्याचा सगळ्यात इमानी नोकर मीच होतो — एवढं कळलं. फार उशिरा कळलं.

आता निवृत्त होऊन उमरग्यात राहतो. वैशालीनं लोहाऱ्यात संगणकाचे वर्ग काढलेत, चांगले चालतात. गेल्या महिन्यात प्रमाणपत्र वाटायला तिनं मला बोलावलं. पाहुणा म्हणून. शाल, नारळ, हार, व्यासपीठावर चार खुर्च्या. भानुदास पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात.

माझी ओळख करून देताना ती मुलांना म्हणाली, ‘‘मी पुण्याला होते, पण मला मुलाखती जमायच्या नाहीत. तेव्हा उगीच वाटायचं, कंपन्यांनी माझं नाव कुठल्यातरी यादीत घातलंय. या सरांनी खरं काय ते तोंडावर सांगितलं. म्हणून मी तुम्हाला नेहमी सांगते, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. नापास झालात तर आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं समजायचं.’’

मुलं ऐकत होती. काही जण लिहून घेत होते. ती कशातही कमी पडली नव्हती, हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

टाळ्या झाल्या. मी उठलो, माइक जवळ ओढला आणि ‘जिद्द’ या विषयावर वीस मिनिटं बोललो.