दहा दिवस घागर बंद

गेल्या रविवारी मी उदगीर ते नांदेड एसटीत आडवी पडून गेले. मागच्या लांब सीटवर, पाय दुमडून, डोक्याखाली बाबांची ऑफिसची पिशवी... आजारी वगैरे नव्हते. बसून गेले तर उंची कमी होईल म्हणून घाबरले होते.

हसा खुशाल. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

मी बास्केटबॉल खेळते हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. यंदा मुलींच्या लीगचा ड्राफ्ट होता. म्हणजे सगळ्या मुलींची नावं यादीत असतात आणि संघवाले आळीपाळीने एकेक नाव उचलतात. एकशे ऐंशी सेंटिमीटर किंवा त्याहून उंच मुलींची यादी वेगळी, आणि आधी तीच संपवतात. माझ्यासारख्या, बास्केटखाली उभं राहून खेळणाऱ्या मुलीचं नाव त्या यादीत नसेल तर खेळ खलास.

जानेवारीत मी एकशे एक्क्याऐंशी होते. मार्चमध्ये आमच्या सरांनी कॉलेजवर पुन्हा मोजलं... एकशे एकोणऐंशी! मला वाटलं टेपच चुकीचा आहे. सरांनी विचारलं, "पाणी कोण भरतंय घरी?"

कोण भरणार? मीच. नळाला पाणी येऊन महिना होत आला होता. टँकर खाली चौकात थांबतो आणि आमच्या गल्लीला पायऱ्या आहेत, सायकल चढत नाही. त्या दिवशी डोक्यावर पाच खेपा करून गेले होते मी.

"पाठीचा कणा दबतो गं ओझ्यानं. नांदेडला ड्राफ्टची मोजणी होईपर्यंत दहा दिवस घागर बंद. आणि मोजायच्या दिवशी बसायचं बी न्हाई जास्त, झोपूनच ऱ्हायचं," सर म्हणाले.

यंदा जमलं नाही तर बॉल ठेवून तलाठी परीक्षेचा क्लास लावायचा, हे मीच घरात कबूल केलं होतं. बाबा तहसीलला क्लार्क आहेत. उदगीर जिल्हा होणार अशी चर्चा चालूच असते, आणि झाला की लई जागा निघतील असं ते मला अधूनमधून ऐकवतात. त्यामुळे क्लास लावायला बाबा एका पायावर तयार असतील असंच मी धरून चालले होते.

आईचा खांदा दुखावलेला. सरांचं बोलणं मी भीतभीतच घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजला तसं बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि घागर उचलली.

पहिल्या खेपेला हातात धरून आणली, निम्मं पाणी पायऱ्यांवर. मग शेजारच्या काकूंनी त्यांना टॉवेलची चुंबळ करून दिली. आमच्या गल्लीत बाप्या माणसानं डोक्यावर घागर घेतलेली मी तरी पाहिली नव्हती. "भाऊसाहेब पाणी भरायलेत की!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी दारात उभी... हातपाय धड असून.

ते दहा दिवस फार वाईट गेले. रोज सकाळी दाराच्या चौकटीला टेकून पेन्सिलने खूण करायची. खूण जरा खाली आली की पुन्हा टेकून पुन्हा मोजायचं. कधी वाटायचं, सगळी गल्ली हसतेय बाबांना, आणि मी एकशे एकोणऐंशीच निघाले तर?

एसटीत कंडक्टरनं विचारलं तर बाबा म्हणाले, "पेशंट हाय." लगेच कुणी लिंबू दिलं, कुणी खिडकी उघडली. एक आजी तळपाय चोळायला लागल्या. मी डोळे मिटून पडले, आणि प्रत्येक खड्ड्याला मनात म्हणत होते, गेला अर्धा सेंटिमीटर...

नांदेडला मोजायला उभी राहिले. पट्टी डोक्याला टेकली. "एकशे ऐंशी." बस, एवढंच. नावापुढे खूण झाली. मी भिंतीला धरून उभी राहिले.

मोजणारे दादा मोकळे झाले तसे बाबा हौसेनं पुढे गेले, "माझी बी बघा हो जरा." एकशे सत्तर भरली. बाबा हसले, "सर्व्हिस बुकात तर एकशे बाहत्तर हाय." वयानं कमी होते म्हणतात. असेलही. पण परतीच्या गाडीत मला त्यांच्याकडे बघवेना.

काल ड्राफ्ट झाला. मी आणि आई फोनला चिकटून, आणि ऐन वेळी टँकरचा हॉर्न! "तू बघ, टँकर मी बघतो," म्हणून बाबा गेले. पहिली फेरी गेली, दुसरी गेली, तिसरीही... उंच मुलींची यादी संपत आली. आईनं तर फोन पालथाच घालायला घेतला.

चौथ्या फेरीत माझं नाव आलं. पुढे म्हणाले, उदगीर, जिल्हा लातूर.

मी अनवाणीच पायऱ्या उतरत सुटले. बाबा निम्म्यावर होते, डोक्यावर घागर, चष्म्यावर पाण्याचे ओघळ. मी ओरडून सांगितलं. त्यांना मान हलवता येईना, म्हणून त्यांनी नुसते डोळे मिटले.

मी घागरीला हात घातला तर दोन पायऱ्या मागे सरकले. "हात लावू नको! कॅम्पला परत मोजतेत म्हणं."

संघाचा कॅम्प पुढच्या आठवड्यात आहे. तिथेही मोजतील, भीती काही संपलेली नाही... पण आता कुणी उंची विचारली तर एकशे ऐंशी सांगणार, आणि त्यातला एक सेंटिमीटर बाबांचा आहे हे मला कायम माहीत असणार.